चैत्रात गरवायला जाताना: कोकणच्या खाडीत आणि खडपावर गळाने मासे कसे धरावेत

शिमगा आटोपला की कोकणातल्या नद्यांचं गोडं पाणी आटत जातं आणि समुद्राचं खारं पाणी खाडीत आत चढू लागतं. पावसाळ्यात जिथे त्याला शिरकावच नसतो, तिथपर्यंत ते पोचतं. त्याच्याबरोबर कोळंबी आणि बोयटांचे (छोट्या माशांचे) थवे चढतात, आणि त्यांच्या मागावर तांबोशी आणि जिताडा हे मोठे मासे. पावसाळ्याचा गाळ तोवर बसलेला असतो, समुद्र सकाळी तरी शांत असतो, आणि पहाटे चारला घराबाहेर पडायला अंगावर शहारा येत नाही. फाल्गुन, चैत्र आणि अर्धा वैशाख, हे किनाऱ्यावरून आणि खाडीतून गळाने मासे धरणाऱ्याचे दिवस आहेत.

आचऱ्याच्या खाडीकाठी माझं आजोळ. गळाला तिकडे गरी म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला गरवणं. “आधी पाणी बघ, मगे गरी टाक,” असं माझा मामा दर खेपेला सांगायचा. लहानपणी मला वाटायचं, पाणी बघायचं म्हणजे मासा दिसतो का ते बघायचं. मामाची नजर वेगळीकडेच असायची. पाणी कुठल्या अंगाला सरकतंय, किती जोराने, खडकाच्या कुठल्या बाजूला ते वळसा घेतंय, गढूळ आणि निवळ पाण्याची शीव कुठे पडलीय, हे तो उभा राहून बघायचा. कधी कधी पंधरा मिनिटं. मग एकदाच गरी टाकायचा.

पुढे मी पुण्याहून भारी रॉड-रीळ घेऊन जायला लागलो आणि कितीतरी वेळा रिकाम्या हातांनी परतलो. सामान चांगलं होतं, पण मी सुट्टी बघून जात होतो, पाणी बघून नाही. म्हणून या लेखात सामान तिसऱ्या क्रमांकावर आहे.

पहिली पायरी: तिथी काढा

भरतीची वेळ काढायची कोकणातली जुनी रीत सोपी आहे. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. पहाटे पावणेचारच्या सुमाराला एक भरती आणि दुपारी चारच्या आसपास दुसरी. दशमीला साडेसात. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरतीपासून सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी.

हा हिशेब ढोबळ आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, मुंबईकडची भरती मालवणपेक्षा उशिरा येते, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी ती आणखी लांबते. नेमक्या वेळेसाठी जवळच्या बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता बघावा. पण तिथीचा हिशेब डोक्यात असला की रजा टाकतानाच कळतं, कुठले चार दिवस कामाचे आहेत.

पौर्णिमा आणि अमावास्येच्या पुढेमागे उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे छोटी. उधाणाचा खरा जोर तिथीच्या दिवशी नसून त्यानंतर एक-दोन दिवसांनी असतो. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, मालवणला ते अडीच मीटरच्या आतबाहेर राहतं. म्हणून मुंबई-रायगडच्या खाड्यांत ओढ जबर, आणि दक्षिणेकडे तीच सौम्य. मार्चच्या विषुवदिनाच्या जवळची उधाणं वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी असतात.

आता सणांकडे बघा. होळी पौर्णिमेला, गुढीपाडवा अमावास्येच्या पाठोपाठ, हनुमान जयंती पुन्हा पौर्णिमेला. सगळ्यांना सुट्ट्या मिळतात त्या उधाणात. रामनवमीची सुट्टी पडते भांगात. पाडव्याला गावी आलेला माणूस सकाळी आठला चहा पिऊन खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवर, जातो, अकराला भर भरती, डोक्यावर ऊन, वायव्येचा वारा सुटलेला. मासा नसतो असं नाही, पण नवख्याला तो लागणं कठीण.

माझी निवड अशी आहे. खाडीसाठी तृतीया ते पंचमी: उधाण उतरत असतं, ओढ अजून पुरेशी असते, आणि पहाट उजाडताना ओहोटी चालू असते. खाडीतली बारकी मासळी आणि कोळंबी तेव्हा कांदळवनातून आणि ओहोळांतून बाहेर ढकलली जाते. खडपासाठी द्वादशी ते चतुर्दशी: पहाटे पाणी खाली असतं, सकाळी चढायला लागतं, आणि नऊ-दहापर्यंत खडपाच्या कपारी भरत जातात. दोन्ही पक्षांत मिळून महिन्यात असे बारा-तेरा दिवस येतात. भांगात खाडीचं पाणी निपचित पडतं. तेव्हा मी वाळूच्या किनाऱ्यावर मुडदुशी धरतो, नाहीतर झोपतो.

दोन भरत्यांच्या मधल्या सगळ्या वेळेत मासा सारखा खात नाही. पाणी अगदी थांबलेलं असताना तो बहुधा तोंड मिटून असतो. पाणी हलायला लागल्यानंतरचा पहिला दीड तास आणि थांबण्याआधीचा शेवटचा तास, हे माझे भरवशाचे.

वाऱ्याचंही वेळापत्रक आहे. पहाटे जमिनीकडून मतलई वारा हलका वाहतो, पाण्यावर सुरकुतीही नसते. दहा-अकरानंतर खारा वारा वायव्येकडून उठतो आणि चैत्र-वैशाखात दुपारी इतका वाढतो की हलकं आमिष फेकलं तर परत तोंडावर येतं. संध्याकाळी तो पडायला बराच वेळ घेतो. म्हणून वसंतात पहाट पहिली, रात्र दुसरी, आणि दुपार आंब्याच्या सावलीत.

दुसरी पायरी: जागा वाचा

एक काम नक्की करा, आणि तेही गरी न घेता करा. उधाणाच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला, पूर्ण सुकतीला, आपल्या जागेवर जाऊन उभे राहा. एरवी पाण्याखाली असणारं सगळं तेव्हा उघडं पडतं. खडपातल्या घळी, वाळूतले खोलगट पट्टे, खाडीतला मुख्य प्रवाह नेमका कुठल्या काठाला चिकटून वाहतो, बुडालेलं झाड, जुन्या धक्क्याचे दगड. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी पाणी भरलेलं असताना त्या फोटोवरून गरी टाकता येते. माझ्याकडे आचरा, देवबाग आणि भाट्याच्या खाडीचे असे फोटो आहेत, आणि मी ते रॉडपेक्षा जपतो. खाडीची वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते, त्यामुळे हे दरवर्षी नव्याने करावं लागतं.

खाडीत शोधायच्या जागा म्हणजे ओहोळ मुख्य प्रवाहाला मिळतो ते तोंड, पुलाचे खांब, कांदळाच्या मुळांचा काठ, आणि खारजमिनीच्या बांधाला असलेली उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार. ओहोटीत उघाडीतून पाणी बाहेर पडायला लागलं की जिताडा खाली तोंड करून उभा असतो, हे रायगडकडच्या कुणालाही विचारा. पुलावर दिवे असतील तर रात्री उजेड आणि सावलीची जी रेघ पाण्यावर पडते, तिच्या सावलीच्या बाजूला मासा उभा राहतो आणि उजेडातल्या बोयटावर झडप घालतो. गरी उजेडात टाकून सावलीकडे आणायची.

गोड्या पाण्याचाही अंदाज ठेवा. वाशिष्ठीची खाडी बाकीच्यांहून वेगळी वागते, कारण कोयनेच्या वीजघरांतून सोडलेलं पाणी बारमाही तिला येऊन मिळतं. काजळी, मुचकुंदी, आचरा या खाड्यांत चैत्रात खारं पाणी खूप आत जातं, वाशिष्ठीत तितकं नाही. तिथे दाभोळच्या मुखाकडे सरकलेलं बरं. शिवाय चिपळूणच्या बाजूला वाशिष्ठीत मगरी आहेत. काठावर बसून पाय पाण्यात सोडायची ती जागा नव्हे.

खडपावर पांढऱ्या फेसाची कड शोधा. लाट फुटून फेस पसरतो आणि त्याच्या पलीकडे पाणी एकदम गडद होतं, ती खोल जागा. फेसाच्या आडोशाने तांबोशी, गोबरा आणि पालू कपारीतून बाहेर येतात. सपाट, निवांत, आरशासारख्या पाण्यात टाकून तासभर बसणारे मी पाहतो, आणि त्यांना हाताला धरून वीस पावलं पुढे न्यावंसं वाटतं.

तिसरी पायरी: सामान

सुरुवातीला दोनच संच पुरेत.

पहिला, हातगरीचा. आठ-दहा पौंडांचा तंगूस (नायलॉनची दोरी) लाकडाच्या फळकुटावर किंवा बाटलीवर गुंडाळलेला, टोकाला बारीक शिसं आणि आठ ते दहा नंबरचा छोटा गळ. मुलांना इथूनच सुरू करू द्या. बोटावर तंगूस ठेवून माशाची टकटक कळायला लागली की पुढचं सगळं सोपं जातं.

दुसरा, रॉडचा. आठ फुटी स्पिनिंग रॉड, १५ ते ४० ग्रॅम फेकू शकणारा. ४००० मापाचं रीळ, खाऱ्या पाण्याला टिकणारं. त्यावर २० पौंडांचा ब्रेड (विणलेली दोरी) दीड-दोनशे मीटर. ब्रेड ताणला जात नाही, म्हणून माशाचा स्पर्श थेट मनगटाला कळतो. पण कालवांची धार त्याला क्षणात कापते. म्हणून पुढे दोन हात लांबीचा जाड तंगुसाचा लीडर हवाच: साध्या मासळीला ३० पौंडांचा, तांबोशी-जिताड्याला ५० ते ६०.

ब्रेड आणि लीडर जोडायला सोपी आणि भरवशाची गाठ अशी. दोन्ही टोकं एकमेकांसमोर आणून वीतभर शेजारी-शेजारी ठेवा. लीडरचं टोक मागे वळवून एक फास करा आणि त्या फासातून टोक दोन्ही दोऱ्यांभोवती चार वेढे घालून ओढा. तसंच ब्रेडच्या टोकाने दुसऱ्या बाजूला करा, पण वेढे आठ, कारण ब्रेड घसरतो. दोन्ही गाठी थुंकीने ओल्या करून, मूळ दोऱ्या विरुद्ध दिशांना हळूहळू ओढा. गाठी सरकत येऊन एकमेकींना भिडतात. मग टोकं कापा. कोरडी गाठ ओढली तर तंगूस घासून तापतो आणि तिथेच कमजोर होतो. मोठा मासा बरोबर त्याच जागी तोडून जातो.

गळ बांधायलाही हीच गाठ एकेरी वापरता येते: टोक गळाच्या नेढ्यातून घालून मागे आणा, फास करा, त्यातून पाच-सहा वेढे, ओलं करा, ओढून नेढ्यापर्यंत सरकवा.

रिळाचा ड्रॅग (मासा ओढेल तशी दोरी सोडणारा ब्रेक) दोरीच्या ताकदीच्या एक तृतीयांशावर ठेवावा. २० पौंड म्हणजे साधारण नऊ किलो, तेव्हा तीन किलो ओढ लागली की दोरी सुटायला हवी. अंदाजाने नको. सामान तोलायचा हुकाचा काटा दोरीला अडकवून एकदा मोजा, मग हाताला सवय होते.

खडपावर शिसं अडकून दर दहा मिनिटांनी सगळं सामान जातं. त्यावर उपाय: शिसं मुख्य दोरीत न ओवता एका कच्च्या, पातळ तंगुसाने बाजूला टांगा. अडकलं तर फक्त तेवढं तुटतं, गळ आणि मासा परत येतो. शिशाऐवजी जुने स्पार्क प्लग किंवा भोक असलेले नट लावले तर आणखी बरं. समुद्रात शिसं कमी जातं आणि गॅरेजवाला जुने प्लग फुकट देतो.

चौथी पायरी: आमिष

जिवंत कोळंबीला या किनाऱ्यावर तोड नाही. सुंगटं म्हणा, कोलबी म्हणा. पहाटे पाग (फेकायचं जाळं) टाकणाऱ्याकडून घ्या, त्याला चार पैसे जास्त द्या, आणि त्याच्याकडूनच विचारून घ्या की ती कुठल्या ओहोळात जास्त मिळाली. मासाही तिथेच असणार. बादलीत खाडीचंच पाणी घ्या, वर ओला पंचा टाका, सावलीत ठेवा. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप असेल तर दोन-तीन तास सहज जगते.

कोळंबीच्या डोक्यात कवचातून एक काळा ठिपका दिसतो. गळ त्याला चुकवून, त्याच्या पुढे, शिंगाखालून आडवा घाला. ठिपक्यात गळ गेला की कोळंबी तिथेच मेली. मेलेली आणि जिवंत यांत जो फरक माणसाला वाटत नाही, तो तांबोशीला वाटतो.

बोटभर बोयटं मोठ्या जिताड्यासाठी. वरच्या ओठातून गळ काढावा, म्हणजे ओढीतही ते सरळ पोहतं. पालूसाठी शंखातला खेकडा फोडून घ्या, त्याचं मऊ शेपूट गळावर चढवा. बर्फातली तारली, पेडवे, माकूल हे सगळं चालतं, पण त्याला शिंगाळे आधी येतात.

कृत्रिम आमिषांत दोनच घ्या आणि तीच नीट शिका. एक, दहा ते चौदा ग्रॅमच्या जिग हेडवर (वजनदार डोकं असलेल्या गळावर) बसवलेलं रबरी कोळंबीच्या किंवा माशाच्या आकाराचं. दुसरं, दहा-बारा सेंटिमीटरचं, पाण्याखाली हातभर जाणारं, दम देऊन ओढायचं कडक प्लास्टिकचं. गढूळ पाण्याला गडद किंवा भडक रंग, निवळ पाण्याला फिका. डबा भरून रंग गोळा करण्यात मी बरेच पैसे घातले, त्यातले चारच परत परत बाहेर येतात.

पाचवी पायरी: कुठला मासा, कसा

मुडदुशी. मुंबईकडे हिलाच नगली म्हणतात. वाळूच्या किनाऱ्यावर, पहिली लाट फुटते तिच्या अलीकडे एक खोलगट पट्टी असते, तिथे. लांब फेकणारे तिच्या डोक्यावरून फेकतात. सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा, बारीक गळ, आणि दोरी अगदी हळू ओढत राहायची. टकटक लागली की झटका नको, नुसता ताण वाढवा.

पालू आणि काळुंद्र धक्क्याच्या खांबांपाशी आणि कालवं चिकटलेल्या दगडांपाशी. दोघांची तोंडं लहान, पण पालूच्या जबड्यात कवच फोडायची ताकद असते. तो आधी चावून बघतो. पहिल्या चाव्याला झटका दिलात तर हाती नुसता स्वच्छ केलेला गळ येईल. दोरी बाजूला चालायला लागली की मग उचला.

तांबोशी हा माझा जिव्हाळ्याचा विषय. हा मासा घर सोडत नाही. कपार, बुडालेलं झाड, पुलाचा पाया, यांतून हातभर बाहेर येतो, घास घेतो आणि त्याच वेगाने मागे वळतो. म्हणजे गळ लागल्यानंतरचे पहिले दोन-तीन सेकंद काय ते तुमचे. जिवंत कोळंबी तीन-शून्य मापाच्या गळावर लावून आडोशाच्या जितकी जवळ टाकता येईल तितकी टाका, प्रवाहाच्या वरच्या अंगाला, म्हणजे ती वाहत घराच्या दाराशी जाईल. दोरीत ढील ठेवू नका. रॉड समोर न धरता बाजूला, आडोशापासून दूर जाणाऱ्या दिशेला वळवून धरा. खेच लागताच रीळ फिरवायच्या आधी दोन पावलं मागे चला. पाय हातांपेक्षा जास्त दोरी खेचतात. या माशासाठी ड्रॅग मी वर सांगितलेल्या तृतीयांशापेक्षा बराच घट्ट ठेवतो, आणि ब्रेडही ३० पौंडांचा घालतो.

देवबागकडे एका पहाटे मी हे सगळं माहीत असून ड्रॅग सैल ठेवला होता, आदल्या संध्याकाळच्या मुडदुशीसाठी लावला होता तसाच. रिळाचा आवाज आला, मी तो आवाज ऐकत एक क्षण खूश झालो, आणि तेवढ्यात तो दगडाखाली गेला. दोरी दहा मिनिटं ताणलेली राहिली, आत मासा हलताना कळत होता, आणि शेवटी मलाच ती कापावी लागली. त्याच्या तोंडात माझा गळ राहिला याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून जागेवर पोचल्यावर पहिलं काम ड्रॅग तपासण्याचं.

जिताडा, गोव्याचा चणक, याच्या उलट. त्याला जागा लागते ती दबा धरायची, पण लागल्यावर तो मोकळ्या पाण्याकडे धावतो, उडी मारतो आणि डोकं झटकतो. तो घास चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. रात्री खाडीत ‘पच्’ असा घट्ट आवाज आला तर तो जिताडा. आवाजाच्या जागेवर थेट टाकू नका, प्रवाहाच्या वर चार-पाच हात पलीकडे टाका आणि आमिष तिथून आणा. कडक प्लास्टिकचं आमिष असेल तर दोन वेळा ओढायचं आणि थांबायचं. थांबा मनात तीन मोजेपर्यंत हवा, कारण घास बहुतेक वेळा थांबल्यावरच पडतो. उडी मारेल तेव्हा रॉडचं टोक पाण्याकडे खाली करा, पण दोरी ताठच ठेवा. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड सुरीसारखी असते. लीडर जाड हवा तो त्यासाठी, आणि कल्ल्यात बोटं घालू नयेत तीही त्यासाठी.

जिताड्याबद्दल एक गोष्ट फार कमी गरवणाऱ्यांना माहीत असते. हा मासा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे तुमच्या गळाला लागलेला सगळ्यात मोठा जिताडा बहुतेक मादीच असते, आणि चैत्र-वैशाखात पावसाळ्याच्या तोंडावर ती अंडी घालण्यासाठी खाडीच्या मुखाकडे निघालेली असते. तीन-चार किलोचा घरी न्यावा, मनसोक्त खावा. त्याहून मोठी मी सोडतो. ओल्या हातांनी, पोटाखाली आधार देऊन, तोंड प्रवाहाकडे करून धरायची. शेपटीत जोर येऊन ती स्वतः हात सोडवून जाईपर्यंत थांबायचं. घाईने पाण्यात फेकलेला मासा पुष्कळदा तळाशी जाऊन मरतो.

कुठे टाकू नये

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती १९८७ साली जाहीर झालेलं सागरी अभयारण्य आहे. किल्ला आणि पद्मगडाभोवतीचा गाभा त्याचा सगळ्यात जपलेला भाग. तिथे गरी टाकू नये, होडीवाला नेतो म्हणाला तरी. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकारमान ठरवून दिलं आहे. त्याची यादी मत्स्य विभागाच्या कार्यालयात बघायला मिळते. यादीत नसलेला मासाही हातापेक्षा छोटा असेल तर सोडा.

वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर फेब्रुवारीपासून एप्रिल-मेपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बाहेर पडतात. ती उजेडाच्या दिशेने चालतात. रात्री तिथे डोक्याला विजेरी बांधून फिरलात तर ती समुद्राऐवजी तुमच्याकडे येतील. लाल उजेड वापरा, किंवा ते किनारे सोडून दुसरीकडे जा.

आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील, कांडाळ (पाण्यात उभं लावायचं जाळं) लावलेलं असेल, तर त्याच्या आसपास गरी नको. गाबीत, खारवी, कोळी, ज्यांचं घर त्या पाण्यावर चालतं त्यांची जागा आधी. मी नवीन गावात गेलो की बंदरावर जाऊन विचारतो, “काका, कुठे बसू? तुमच्या जाळ्यात येणार नाही ना?” दरवेळी जागा मिळते, आणि दोनदा तर आमिषही मिळालं.

जिवाचं सांभाळा

खडपावर गेल्यावर पहिली दहा मिनिटं गरी न सोडता लाटा बघा. कोरडा वाटणारा दगड खरंच कोरडा आहे का, की दर सातव्या-आठव्या लाटेला ओला होतो, ते कळतं. काळा-हिरवा दगड म्हणजे शेवाळ, त्यावर पाय नको. समुद्राकडे पाठ करून आमिष लावू नका. अंगात लाइफ जॅकेट घाला. ते घातल्याने फेकायला अडचण होते असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. भरती चढताना परतीची वाट तुमच्यामागून बुडते, हे टिंबाएवढ्या खडपावर बसलेल्याला शेवटी कळतं. म्हणून निघायची वेळ बसायच्या आधी ठरवा.

एप्रिल-मेमध्ये वारा नसतानाही कधी लांब, जड लाटा येतात. त्या दूर दक्षिणेच्या हिंदी महासागरातल्या वादळांतून निघालेल्या असतात, आपल्या आभाळात त्यांची काही खूण नसते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्यांचा इशारा देते. इशारा असेल त्या दिवशी खडप रद्द, खाडीत आत जा.

शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि कडेला दोन काटे असतात, तिन्ही विषारी. पाकटाच्या शेपटीत नांगी असते. उथळ वाळूत चालताना पाय उचलून न टाकता घसटत चला, म्हणजे पाकट आधीच निघून जातं. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, उष्णतेने वेदना खूप कमी होते. काटा न लागलेला हात आधी पाण्यात घालून बघा, म्हणजे भाजणार नाही. मग डॉक्टरकडे जा, काटा आत तुटलेला असतो पुष्कळदा. केंड फुगून गोल झालेला गळाला आला तर मुलं हसतात, हसू द्या, पण तो खायचा नाही. त्याचं विष शिजवून जात नाही.

पाणी माणशी तीन लिटर. चैत्रातलं ऊन खाली पाण्यावरून परत तोंडावर येतं.

मासा घरी नेताना

नेणार असाल तो मासा तडफडत ठेवू नका. डोक्यावर एक ठोका, कल्ल्याखाली काप, रक्त वाहू द्या, मग बर्फात. नुसत्या बर्फापेक्षा बर्फ आणि समुद्राचं पाणी एकत्र केलेल्या लगद्यात मासा भराभर गार होतो आणि मांस घट्ट राहतं. या उकाड्यात तासभर पिशवीत राहिलेली मुडदुशी आणि लगद्यातून आलेली मुडदुशी, दोन्ही रव्यात तळून एकदा शेजारी ठेवून खा. तांबोशीचं डोकं कुणाला देऊ नका, तिरफळं आणि सोलं घालून त्याचं सार करा.

घरी पोचल्यावर आंघोळीआधी रॉड आणि रीळ गोड्या पाण्याने धुवा. जोराची धार नको, ती मीठ आत ढकलते. हलकं ओतून, पुसून, सावलीत वाळवा. मग वहीत तिथी, जागा, पाणी चढतं की उतरतं, वारा, काय लागलं आणि किती वाजता, हे लिहा. काहीच लागलं नाही तेही लिहा. माझ्या वहीतली कोरी गेलेली पानं तिथीप्रमाणे लावली तेव्हा मला कळलं, त्यातली निम्म्याहून जास्त भर दुपारच्या भरतीची होती.

मेचा दुसरा पंधरवडा लागला की दक्षिणेकडून लाट रुंदावत जाते, रात्री खाडीवर ढग जमतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना राज्यात मासेमारी बंद असते, आणि खडपावरही तेव्हा माणसाचं काम नाही. त्याआधीच्या शेवटच्या तृतीयेला किंवा चतुर्थीला मी एकदा आचऱ्याला जातो. परत आल्यावर रीळ उघडून जुनं ग्रीस काढतो, नवं लावतो, ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवतो म्हणजे आतल्या चकत्या दबून बसत नाहीत, आणि गळ तेलाच्या फडक्यात गुंडाळून डब्यात टाकतो. नारळी पौर्णिमेपर्यंत तो डबा उघडायचा नाही.